एका वर्षाच्या खंडाचे प्रतिज्ञापत्र

हल्ली उन्हाळा लागला की घोडेगावच्या तहसील कचेरीसमोरील माझ्या अर्जलेखनाच्या टेबलाशी एक निराळा पक्षकार येऊ लागतो. त्याच्या हातात सातबारा नसतो, वारसनोंदीचे काम नसते. सोबत पदवी झालेला मुलगा किंवा मुलगी असते आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुणपत्रिका असतात. उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज लिहून झाला की तो खुर्ची थोडी पुढे ओढतो आणि आवाज खाली आणून विचारतो, की साहेब, एमबीएच्या मुलाखतीत काय काय विचारतात? मी नववीतून शाळा सोडलेला मनुष्य आहे. तथापि कागदावर जे जे येते ते मला ठाऊक असते, असा आंबेगाव आणि जुन्नर या दोन्ही तालुक्यांत समज आहे, आणि तो दूर करण्याची निकड मला कधी भासलेली नाही.

मी त्यांना सांगतो. मुलाखत घेणारे दोघे किंवा तिघे असतात. त्यांनी तुमचा फॉर्म आधीच वाचलेला असतो, त्यामुळे त्यात काय लिहिले आहे हे ते विचारत नाहीत. तसे का लिहिले, हे विचारतात. ‘स्वतःबद्दल सांगा’ हा पहिला प्रश्न सर्वांत सोपा वाटतो आणि निम्मी मुले तिथेच आपटतात, कारण त्यांनी ते उत्तर पाठ केलेले असते. पुस्तकातील व्याख्या क्वचित विचारतात. मंचरच्या बाजारात कांद्याचा भाव सकाळी एक आणि दुपारी दुसरा का, असे मात्र विचारू शकतात. मध्येच उलट बोलतात, गप्प बसतात, घड्याळ पाहतात. तो राग नसतो, ती पद्धत असते. आणि शिक्षणात एखाद्या वर्षाचा खंड पडलेला असेल, तर बोट नेमके त्या वर्षावर ठेवतात.

एवढे सांगून मी थांबतो. हे मला कसे समजले ते पक्षकाराला सांगत नाही. ते इथे लिहीत आहे.

नव्वद सालाच्या सुमारास मी कचेरीसमोरच्या चिंचेखाली टेबल मांडले. राहायला मंचरला, रोज सकाळच्या एसटीने घोडेगाव. टंकलेखन मी क्लास लावून शिकलो, परंतु अर्जाची भाषा मला कोणी शिकवलेली नाही. ती मी स्वतः घडवली. एकदा एका प्रांतसाहेबांनी माझा अर्ज शेजारी बसलेल्या अधिकाऱ्यास वाचून दाखवला होता, आणि मी तेव्हा खिडकीशी उभा होतो. अशा गोष्टी मनुष्य विसरत नाही.

या व्यवसायात एक नियम आहे. उशीर झालेल्या प्रत्येक कागदाला कारण द्यावे लागते. चार वर्षांनी वारसनोंद करायला आलेला मनुष्य खरे कारण सांगतो, की भावाभावांत बोलणे नव्हते, किंवा सुचलेच नाही. ते लिहून चालत नाही. तिथे आम्ही ‘प्रकृती अस्वास्थ्यामुळे’ असे लिहितो. आजारपणाला कोणी उलट प्रश्न करीत नाही. हे शब्द माझ्या हातून इतक्या वेळा गेले आहेत की डोळे मिटले तरी बोटे त्या कळांवर बरोबर जातात. चिंचेखालच्या आम्हा चार अर्जलेखकांचे कागद एकत्र करून कोणी वाचले, तर त्याला वाटेल की हा अख्खा तालुका अंथरुणाला खिळलेला आहे.

दोन हजार सालानंतरची दोनतीन वर्षे गेली असतील. माझी मुलगी मंचरच्या महाविद्यालयातून बी.कॉम. झाली, आणि त्याच पावसाळ्यात एसटीच्या पायरीवरून उतरताना माझा पाय घसरला. उजवे मनगट दोन ठिकाणी मोडले. प्लास्टर निघाले तरी बोटे वळेनात. कळ दाबायला गेलो की कोपरापर्यंत कळा येत. घर टेबलावरच चालत होते. मी घरात कोणाला काही म्हणालो नव्हतो. एका सोमवारी मुलगी माझ्याआधी तयार होऊन बसली आणि म्हणाली, की मला टायपिंग येतं, तुमी नुसतं बाजूला बसा. मी दोन आठवडे बाजूला बसलो. त्यानंतर ती एकटी जाऊ लागली, आणि पुढचा उन्हाळा लागेपर्यंत जात राहिली.

तिने तिथे जे केले ते मला तेव्हा मुळीच आवडले नव्हते. डिंभे धरणाच्या वरच्या अंगाच्या वाड्यांतून जी माणसे येतात, त्यांची एसटी अकराला पोचते आणि तीनला परत निघते. तिने अकरा ते तीन हा वेळ त्यांच्यासाठी राखून ठेवला. मंचरवाल्यांनी एक तर आधी यावे नाहीतर नंतर. कोणत्या कामाला कोणते कागद लागतात, कोणता कागद तलाठ्याकडून आणायचा आणि कोणता शाळेतून, याच्या चिठ्ठ्या तिने कार्बन घालून तयार केल्या, आणि येणाऱ्या प्रत्येकाच्या हाती पहिल्याच दिवशी एक चिठ्ठी देऊ लागली, मग तो अर्ज तिच्याकडून लिहून घेवो अथवा न घेवो. माझ्या शेजारचा अर्जलेखक तिला म्हणाला, ‘ताई, समदं फुकाट सांगितल्यावर आमी काय इकायचं?’ तिने त्याच्याही टेबलावर चिठ्ठ्यांचा एक गठ्ठा नेऊन ठेवला. जी माणसे एका दाखल्यासाठी पाच वेळा येत, ती दोन वेळांत मोकळी होऊ लागली. टेबलाशी रांग वाढली. मला वाटले, हा माझ्या लेखणीचा मान कमी करण्याचा प्रकार आहे.

याच काळात जुन्नरला नात्यात एक साखरपुडा होता. माझे मेहुणे जुन्नरचेच. पंगतीत, वाढपी मधे उभे असताना, ते सर्वांदेखत मला म्हणाले, ‘दाजी, पोरगी बी.कॉम. केली आन् चिंचंखाली बसवली व्हय? एजंट लोकांत?’

चार लोक हसले. मी पण हसलो. घरी येताना बायको म्हणाली, की माझ्या भावाच्या जिभेला हाड नाही, मनावर घेऊ नका. मी काही मनावर घेतले नाही असे तिला सांगितले, आणि त्या दिवसापासून मुलगी टेबलावर बसते ही गोष्ट कोणासमोर काढायची नाही असे ठरवून टाकले.

टेबलावर पक्षकार नसला की मुलगी खणातून पुस्तक काढून वाचीत असे. तिने एमबीएची प्रवेश परीक्षा दिली. मला वाटले होते की हे हौसेचे असेल. निकाल आला तेव्हा तिचे गुण पाहून मंचरच्या तिच्या सरांनी स्वतः घरी येऊन पेढा खाल्ला. पुढे गटचर्चा आणि मुलाखत होती. तिन्हींचे गुण मिळवून यादी लागणार, आणि त्या यादीवर पुण्यातील सरकारी फीची जागा मिळणार. तिला ती एकच वाट होती. खासगी महाविद्यालयाची फी आमच्या विचारापलीकडची होती. पुन्हा एक वर्ष थांबण्यासही ती तयार नव्हती. तिने आईला सांगून टाकले होते, की यंदा लागलं तर लागलं, न्हाईतर मी कुठं तरी नोकरी धरते, परत पुस्तक उघडायची न्हाई. ती बोलते तशी वागते हे आम्हां दोघांनाही माहीत होते.

मुलाखतीआधी कागदपत्रांची पडताळणी होती. यादीत एक ओळ होती, की शिक्षणात खंड असल्यास त्याबाबतचे प्रतिज्ञापत्र जोडावे. ती ओळ वाचून मला जो आनंद झाला तो सांगून समजणार नाही. महिनोन्‌महिने ही मुलगी जे करीत होती त्यात माझा काही उपयोग नव्हता. आता माझ्या अधिकारातले काम आले होते. तोवर बोटे थोडी वळू लागली होती. मी टंकयंत्रावर स्वतः बसलो. एकेक कळ दाबून मी एक पान सिद्ध केले. त्यात असे लिहिले होते, की मी सत्यप्रतिज्ञेवर कथन करते की, पदवी परीक्षा उत्तीर्ण झाल्यानंतर प्रकृती अस्वास्थ्यामुळे मी सदर वर्षी घरीच होते व सदर कालावधीत मी कोणतेही शिक्षण, नोकरी अथवा व्यवसाय केलेला नाही.

तिने वाचले. म्हणाली, ‘आण्णा, मी आजारी कुठं व्हते? आजारी तर तुमी व्हता.’

‘कागदाला कारण लागतं,’ मी म्हणालो.

‘मग खरं कारण लिवा की. टेबलावर बसले व्हते.’

‘ते काय कारण आहे?’

तिने आणखी एकदा ते पान वाचले आणि सही केली. नायब तहसीलदारांसमोर, मजकूर वाचला का, खरा आहे का, या दोन्ही प्रश्नांना तिने होय म्हटले. पुण्याच्या खिडकीवर कागद जमा झाले. माझ्या मनात कसलीही शंका नव्हती.

मुलाखतीस चार दिवस उरले होते. मंचरला ज्या शेठजींचे कापडदुकान आहे त्यांचे सगळे अर्ज मीच लिहितो. घराणे मूळचे राजस्थानकडचे, पण तीन पिढ्या मंचरच्या, बोलणे आमच्यासारखेच. त्यांची सून लग्नाआधी पुण्यात एमबीए झालेली. शेठजींना मी विनंती केली, की सूनबाईंनी माझ्या मुलीची एकदा उजळणी घ्यावी. शेठजी म्हणाले, ‘तुमी काय उजळणीला आणता राव, एक अर्ज लिवून पाठवा, ती कॉलेजवाली मंडळीच प्रवेशाचा कागद घेऊन मंचरला येतील.’ ते थट्टा करीत होते. मी ती थट्टा मानली नाही.

दुपारच्या वेळी दुकानात गिऱ्हाईक नसते. मुलगी आणि मी गादीवर बसलो. सूनबाई गल्ल्यापाशी कापडाच्या एका ताग्याची घडी घालीत होत्या. त्या म्हणाल्या, की तिथे इंग्रजीतच बोलावे लागेल, पण आधी मराठीत होऊ दे, मन मोकळे होते. मग म्हणाल्या, ‘स्वतःबद्दल सांग.’

माझ्या मुलीने मी लिहून दिलेले उत्तर म्हणायला सुरुवात केली, की मी एका सामान्य कुटुंबातील होतकरू व गरजू विद्यार्थिनी असून, आपण माझा सहानुभूतीपूर्वक विचार केल्यास मी आजन्म ऋणी राहीन. सूनबाईंनी तिला हाताने थांबवले आणि माझ्याकडे पाहिले.

‘काका, हे तुम्ही दिलंत ना लिहून?’

मी मान डोलावली. त्यांनी आदर सोडला नाही, परंतु जे सांगायचे ते सांगितले. तिथे दया करायला कोणी बसलेले नसते. कोणाला घेतले तर वर्गाला काही मिळेल, हे ते शोधत असतात. मागणारा त्यांना नको असतो. मी आयुष्यभर मागण्याचे कागद लिहीत आलो होतो. मागितल्यावाचून कोणी कोणाला काही देते हे मला त्या दिवशी प्रथमच ऐकायला मिळत होते.

मग त्यांनी सहज विचारले, की पदवीनंतर वर्षभर काय केलंस?

मुलीने माझ्याकडे पाहिले. मग तिने पाहणे सोडले आणि बोलू लागली. चिठ्ठ्यांचे सांगितले. अकरा ते तीनचे सांगितले. एक म्हातारी एका दाखल्यासाठी सहा वेळा डोंगर उतरून आली होती, तेव्हा ही व्यवस्था करावी असे तिला कसे सुचले, ते सांगितले. कोणते काम कुठे अडते हे पाहण्यासाठी ती प्रत्येक पक्षकाराला जाताना काय विचारीत असे, तेही सांगितले. हे मलाही ठाऊक नव्हते. सूनबाईंच्या हातातली घडी तशीच राहिली. शेठजी आतून येऊन दाराशी उभे होते.

‘हे सांगायचं,’ सूनबाई म्हणाल्या. ‘फक्त हेच. दुसरं एक अक्षर पाठ करू नकोस.’

शेठजी म्हणाले, ‘ही तर आपलं दुकान बी चालवील.’

माझी मुलगी हसली. तशी ती त्या वर्षात क्वचितच हसली होती. मग सूनबाईंनी विचारले, की फॉर्मसोबत त्या वर्षाचं काय लिहिलंय? उत्तर मला द्यावे लागले. ‘आजारी,’ मी म्हणालो.

सूनबाईंनी तागा फडताळात ठेवला. ‘मग ही खरं बोलली तर शपथ खोटी ठरेल,’ त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने मी पुण्यास गेलो. ज्या खिडकीवर कागद दिले होते ती बंद होती. आत एक लिपिक भेटला. मी त्यास माझ्या पद्धतीने, पूर्ण वाक्यांत, सर्व निवेदन केले, की अनवधानाने एक चुकीचे प्रतिज्ञापत्र जोडले गेले असून ते बदलून मिळावे. तो सभ्य होता. म्हणाला, फायली मुलाखतीच्या ठिकाणी गेल्या, आता कागद बदलता येत नाही, नवीन घालता येत नाही. मुलीने तिथेच तोंडी सांगावे. मी विचारले, तोंडी सांगितलेले मानतात का? तो म्हणाला, ते समोर बसलेल्यांवर आहे.

तिसऱ्या दिवशी मी घोडेगावला कचेरीतल्या एका जुन्या लिपिकाला गाठले. बारा-तेरा वर्षांची ओळख. मी त्यास दुरुस्तीच्या प्रतिज्ञापत्राबद्दल विचारले. आधीचा मजकूर चुकीचा होता असे शपथेवर लिहून द्यायचे. त्याने चहा मागवला आणि सांगितले, ‘अहो, शपथेवर एकदा आजारी आन् एकदा ठणठणीत. कुनी इचारलं तर, खोटं कोनतं? तुमचं टेबल जाईल त्यो भाग येगळा. सही पोरीची हाये ना?’

तरीही मी ते दुरुस्तीचे प्रतिज्ञापत्र टंकलिखित केले. तीन वेळा केले, कारण कारणाच्या जागी काय लिहावे हे मला सुचेना. ‘अनवधानाने’ लिहिले, खोडले. ‘गैरसमजुतीने’ लिहिले, खोडले. माझ्याकडे हजारो कारणे तयार असत. स्वतःच्या नावासमोर ठेवावे असे एक सापडेना. मुलगी मंचरला घरी आरशासमोर बसून इंग्रजीत चिठ्ठ्यांची हकीकत म्हणत होती. बायको दरवाज्यातून ते ऐके. तिला इंग्रजी येत नाही. ती म्हणाली, की काय बोलती कळत न्हाई पण ऐकावंसं वाटतं. चौथा दिवसही गेला. ते प्रतिज्ञापत्र मी कोणासमोर नेलेच नाही.

पाचव्या दिवशी सकाळी मंचरच्या स्थानकावर गाडीची वाट पाहत असताना मी मुलीला म्हणालो, ‘जे कागदावर आहे तेच बोल.’

तिने विचारले नाही की का. म्हणाली, ‘आन् कसला आजार म्हणले तर?’

‘टायफॉइड म्हण. मग अशक्तपणा म्हण.’

ती बरे म्हणाली. गाडी राजगुरुनगरच्या पुढे जाईपर्यंत ती ओठांत काही तरी पुटपुटत होती. मी तिला समजावून सांगितले होते की हे तिच्या हिताचे आहे, शपथेचा भंग झाला तर तिचे सगळे पुढचे शिक्षण अडेल. त्यात असत्य काही नव्हते. परंतु मी बोलत असताना मला चिंचेखालची माझी जागा दिसत होती, टेबल उचललेली आणि खाली चार पायांच्या खुणा राहिलेली, आणि पंगतीत माझे मेहुणे ही बातमी कशी सांगतील तेही ऐकू येत होते. त्या सकाळी भीतीतील किती भाग तिच्यासाठी होता आणि किती माझ्यासाठी, हे मी इतक्या वर्षांत वेगळे करून पाहिलेले नाही, कारण ते करता येईल असे मला वाटत नाही.

मुलाखत एका महाविद्यालयात होती. आईबाप बाहेर कट्ट्यावर बसलेले. एकजण नाशिककडून मुलाला घेऊन आला होता. तो वर्तमानपत्रातून कात्रणे कापून मुलाच्या हातात देत होता आणि मुलगा ती न वाचताच खिशात घालीत होता. आधी गटचर्चा झाली. आठ मुलामुलींना एका गोलात बसवले होते आणि खिडकी उघडी होती. मोठमोठी दुकाने आली तर लहान दुकानदाराचे काय होईल, असा विषय होता. शब्द मला समजत नव्हते, परंतु मी एवढे पाहिले की सगळे एकदम बोलत असताना माझी मुलगी बोलू लागली आणि बाकीचे गप्प झाले. कदाचित ती मंचरच्या शेठजींच्या दुकानाबद्दल बोलली असेल. तिथे बसलेल्या बाईंनी मान वर करून तिच्याकडे पाहिले आणि काही लिहिले. ती बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा दुकानात गादीवर बसली होती तेव्हासारखा झाला होता. त्या क्षणी मी उठून तिला म्हणायला हवे होते, की जे खरे आहे ते बोल, कागदाचे मी पाहतो. माझ्या तोंडून निघाले ते एवढेच, की पाणी पी.

तिच्या आधीच्या मुलाला वीस मिनिटे लागली होती. तिला दहा-बारा लागली असतील.

शिवाजीनगरहून परतीची गाडी निघाली तेव्हा ती सांगू लागली. स्वतःबद्दल सांग म्हणाले, ते ठीक झाले. मग विचारले, की व्यवस्थापनच का शिकायचंय? तिने सांगायला घेतले, की माणसाला एका कामासाठी पाच वेळा यावे लागते, ते दोन वेळांत कसे करता येईल हे मला शिकायचे आहे. हे ऐकून गटचर्चेला बसलेल्या त्याच बाई पुढे झुकल्या. त्यांनी विचारले, असे तू कुठे पाहिलेस?

‘मग मी थांबले,’ ती म्हणाली. ‘मी तर घरी आजारी व्हते ना.’

तिने ‘ऐकलंय’ असे उत्तर दिले. बाई मागे टेकल्या. मग त्या वर्षाचे विचारले. तिने टायफॉइड सांगितला. वर्षभर? मग अशक्तपणा सांगितला. त्या काळात काही वाचले का, शिकलीस का, कोणाला शिकवलेस का? कागदावर लिहिले होते की काही केलेले नाही, म्हणून ती नाही म्हणाली. तिने सगळे कागदाप्रमाणे सांगितले होते. मी तिला शाबास म्हणालो. चाकणच्या पुढे तिला झोप लागली, किंवा तिने डोळे मिटून घेतले.

यादी लागली त्या दिवशी आम्ही मंचरच्या सायबर कॅफेत गेलो. लेखी परीक्षेचे गुण चांगले, गटचर्चेचे चांगले. मुलाखतीचे गुण असे होते की कॅफेतला मुलगा म्हणाला, ताई, हे चुकून पडलं असंल, परत उघडून बघू. त्याने परत उघडले. सरकारी फीची शेवटची जागा तिच्या बऱ्याच वर संपली होती. पुढे ती बोलली तशी वागली. आळेफाट्याला मालवाहतुकीच्या एका कार्यालयात लागली, आणि आज तिथल्या गाड्या तिच्या शब्दावर सुटतात. पुस्तक मात्र तिने पुन्हा उघडले नाही.

परंतु मला लिहायचे आहे ते त्या दुपारचे, कॅफेतून घरापर्यंतच्या वाटेचे. मला तिला कसला तरी आधार द्यायचा होता. म्हणून मी त्या मुलाखत घेणाऱ्यांना नावे ठेवू लागलो. म्हणालो, की त्या लोकांनी प्रतिज्ञापत्र नीट वाचलेच नसेल. आजारी माणसाबद्दल ज्यास सहानुभूती नाही त्याने शिक्षकी पेशात येऊ नये.

‘वाचलं व्हतं, आण्णा,’ ती म्हणाली.

मग तिने बसमध्ये न सांगितलेली गोष्ट सांगितली. तिघांपैकी एक पिकल्या केसांचे सर होते. त्यांनी ते पान हातात घेऊन अखेरपर्यंत वाचले आणि मराठीत विचारले, की हे कोणत्या वकिलाने लिहिलं? ती म्हणाली, माझ्या वडिलांनी. सर म्हणाले, ‘फार सुरेख लिहिलंय. हल्ली असं कोणी लिहीत नाही.’ ते पान त्यांनी लगेच खाली ठेवले नाही. तिच्याकडे पाहत राहिले, आणि म्हणाले, की यात नसलेलं काही सांगायचं आहे का तुला?

‘मी सांगणार व्हते,’ ती म्हणाली. ‘पण त्यांनी तुमचं एवढं कौतुक केल्यावर, त्ये खोटं हाय असं मला म्हणता आलं न्हाई.’

कांद्याचे ट्रक एकामागे एक चालले होते आणि आम्हांला रस्ता ओलांडायचा होता. तिच्या हातात यादीचा छापील कागद होता. माझी मुलगी काय म्हणत आहे ते मी ऐकले होते, मला समजलेही होते. आणि तरी मी तिला विचारले, ‘सुरेख म्हणाले का?’

‘व्हय. फार सुरेख.’

‘आणि वकिलाने लिहिलं असं त्यांना वाटलं.’

‘व्हय, आण्णा.’

मी तिला ते वाक्य पुन्हा सांगायला लावले. तिने पुन्हा, त्यांच्या शब्दांत, जसेच्या तसे सांगितले. मग ट्रकांच्या रांगेत फट पडली, आणि माझी वाट न पाहता ती रस्ता ओलांडून गेली.